वाचकांचे प्रश्न : गुन्ह्याची कबुली आणि शिक्षेतील सवलत

प्रश्न : मी लातूर येथे विधी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात शिकते. प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून त्याबदल्यात शिक्षेत सवलत मिळवणे) हा विषय आम्हाला मुख्यतः अमेरिकी निवाड्यांच्या आधारे शिकवला गेला. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ज्याच्याकडे चांगला वकील आणि जामीनदार आहे तो खटला लढवतो आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही तो कबुली देऊन मोकळा होतो. म्हणजे ही सवलत नसून गरिबावरचे दडपण आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही पूर्वी या पद्धतीवर टीका केली होती. मग ती कायद्यात आली कशी? आणि आली असूनही आमच्या न्यायालयात असा अर्ज करताना कोणी वकील का दिसत नाही?

उत्तर : आपले मत निम्मे पटते, मात्र आपण त्याला दिलेला आधार आपल्याकडच्या परिस्थितीला लागू पडत नाही. अमेरिकेत सरकारी वकील कोणता आरोप ठेवायचा आणि कोणता मागे घ्यायचा यावरच बोलणी करतो, आणि संघीय न्यायालयांतील सुमारे ९७ टक्के दोषसिद्धी कबुलीतून होतात, असे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नमूद केले आहे. भारतीय कायद्यात सरकारी वकिलाला आरोप बदलण्याची अशी मुभा नाही. येथे बोलणी होते ती शिक्षा आणि नुकसानभरपाई यांपुरती.

सर्वोच्च न्यायालयाच्या टीकेबद्दल आपण लिहिता ते खरे आहे. महाराष्ट्रातीलच एका खाद्यतेल-भेसळीच्या प्रकरणात १९७६ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी पडद्याआडच्या तडजोडींवर कडक ताशेरे ओढले, आणि १९८० मध्ये न्या. भगवती यांनी गुजरातमधील एका प्रकरणात ही पद्धत लोकहिताविरुद्ध ठरवली, कारण लांबलेल्या खटल्याला कंटाळून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करील. पण ते निवाडे कायद्यात तरतूद नसतानाच्या परस्पर सौद्यांबद्दल होते. विधी आयोगाने १९९१ च्या आपल्या १४२ व्या अहवालात तरतुदीची शिफारस केली, पुढे फौजदारी न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने तिला पाठिंबा दिला, आणि ५ जुलै २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण अमलात आले. आता त्या तरतुदी, काही बदलांसह, जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहेत. सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षेचे गुन्हे, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून अधिसूचित केलेले गुन्हे आणि स्त्री किंवा बालकाविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. आरोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो.

आपल्या मुख्य मुद्द्यासाठी एक उदाहरण घेऊ. एका तरुणावर पंधरा हजार रुपयांचा मोबाइल चोरल्याचा आरोप आहे, पूर्वीचा कोणताही गुन्हा नाही, फिर्यादी पुरुष आहे (फिर्यादी स्त्री असती, तर ही तरतूद लागूच होत नाही, असा आक्षेप लगेच आला असता). चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान शिक्षा ठरवलेली नाही. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळाला नाही, म्हणून तो सात महिने कारागृहातच आहे. प्रथम गुन्हेगाराला न्यायालय कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे सहा महिने शिक्षा देऊ शकते आणि भोगलेली कोठडी त्यातून वजा होते. अर्ज मंजूर झाला की हा तरुण त्याच दिवशी बाहेर पडतो. त्याने कबुली नाकारली, तर त्याच संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, म्हणजे एक वर्ष, भरल्यावर त्याला बंधपत्रावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या लेखी हमीवर) सुटण्याचा मार्ग मिळतो, आणि तोही त्याच्याविरुद्ध दुसरे प्रकरण प्रलंबित नसेल तर. उरलेल्या पाच महिन्यांची कोठडी टाळायची की निर्दोषत्वाचा दावा टिकवायचा, हा हिशेब त्याला कोठडीत बसून करावा लागतो. जामीनदार असलेल्या आरोपीसमोर हा हिशेब येतच नाही. आपला आक्षेप खरा ठरतो तो इथे.

कायद्याने यावर एक उपाय ठेवला आहे. अर्जासोबत आरोपीला शपथपत्र द्यावे लागते आणि न्यायाधीश त्याला बंद दाराआड, दुसरी बाजू हजर नसताना, स्वेच्छेबद्दल विचारतात. उपाय चांगला आहे, पण पुरेसा नाही, असे माझे मत आहे. ‘तुम्ही हे स्वखुशीने करीत आहात काय?’ या प्रश्नाला सात महिने आत काढलेला माणूस ‘होय’ म्हणणारच, आणि एका अर्थी तो खोटे बोलत नसतो. हा गुन्हा त्याने खरोखर केला असे मानायला कागदपत्रांत आधार आहे काय, हे तपासण्याची स्पष्ट सक्ती संहितेच्या या प्रकरणात नाही. अमेरिकेच्या संघीय नियमांत ती आहे, हे आपल्या प्राध्यापकांना अवश्य सांगावे. शिवाय सरकारी वकील, तपासी अधिकारी, पीडित आणि आरोपी यांच्या बैठकीत आरोपीचा वकील असलाच पाहिजे असे नाही. आरोपीची इच्छा असेल आणि वकील नेमलेला असेल, तरच तो सहभागी होतो.

आता वकील अर्ज का करीत नाहीत ते पाहू. याचे सरळ कारण असे की, प्ली बार्गेनिंगचा शेवट दोषसिद्धीत होतो. पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत किंवा सरकारी नोकरीच्या अर्जात ती लिहावीच लागते. याउलट गुन्हा तडजोडयोग्य (फिर्यादीच्या संमतीने मिटवता येण्याजोगा) असेल, तर कलम ३५९ खालची तडजोड निर्दोष सुटकेइतकीच परिणामकारक असते, आणि काही प्रकरणांत दोन्ही पक्षांच्या संमतीने उच्च न्यायालयाकडून गुन्हाच रद्द करून घेता येतो. गावातला वाद मिटला असेल, तर जाणता वकील अशिलाला हेच मार्ग सांगतो. त्यातच प्ली बार्गेनिंगच्या निकालावर नेहमीचे अपील नाही, केवळ सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी किंवा उच्च न्यायालयातील रिट एवढाच मार्ग उरतो. ज्यांच्याकडे तडजोडीचा पर्याय नाही आणि जामीनदारही नाही, त्यांच्यापर्यंत अर्जाची माहिती तीस दिवसांत पोहोचवणारे कोणी नसते. अर्ज केलाच, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी त्यात करावी. त्या अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणाऱ्या अपात्रतेपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते.

आपल्याला शोधनिबंध लिहायचा असेल, तर अमेरिकी निवाडे बाजूला ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या परवानगीने असे अर्ज झालेल्या प्रकरणांची कागदपत्रे पाहा, आणि प्रत्येकात दोनच तारखा टिपा : अटकेची आणि अर्जाची. अर्जदार त्या दिवशी जामिनावर होता की कोठडीत, हेही शेजारी लिहा.