तुमचे प्रश्न : आपण गेल्यावर काय राहणार?

प्रश्न : ताई नमस्कार. वय ७१, कोथरूडला असतो. परवा वैकुंठ स्मशानभूमीत एका जुन्या मित्राला पोचवून आलो, तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, की आपल्यामागे काय उरणार? मी ना पुस्तक लिहिलं, ना संस्था काढली, ना कुठल्या चौकाला माझं नाव लागणार. घरात काय तर आजोबांची ट्रंकभर मोडीतली कागदपत्रं, ढीगभर फोटो आणि माझ्या डायऱ्या. मुलगा परदेशात, तो म्हणतो बाबा सगळं स्कॅन करा आणि टाकून द्या. त्याचं बरोबर आहे का?

उत्तर : काका, चौकाचं तर सोडूनच द्या हो. आपण रोज ज्या सिग्नलला शिव्या घालत थांबतो, तिथल्या पाटीवरचा माणूस कोण होता हे किती जणांना सांगता येईल?

बाजीराव रोडजवळचं केळकर म्युझियम तुम्ही पाहिलं असेलच, निदान पाहुण्यांना घेऊन तरी. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे जमवले आणि त्या सगळ्याला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. त्या पोराला काही करून दाखवायला वेळच मिळाला नव्हता, तरी त्याचं नाव राहिलं, कारण मागे कुणीतरी ते धरून ठेवलं. आणि मला त्याहून भारी वाटतं ते हे, की केळकरांनी हा सगळा संग्रह १९७५ मध्ये सरकारच्या हवाली केला आणि ते गेले १९९० मध्ये. म्हणजे स्वतःच्या हातानं दिलं, मागच्यांवर सोडलं नाही.

तुम्हीही तेच करा, छोट्या प्रमाणात. ट्रंक रद्दीत घालायच्या आधी मोडी येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येईल. १९१० मध्ये ते काढणारे इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली अशीच दप्तरं गोळा करायचे. कदाचित तुमच्या ट्रंकेत नुसत्या सावकाराच्या पावत्या निघतील, निघू देत, बघितल्याशिवाय कळणार कसं.

फोटोंचं मात्र तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही. मागे पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा, मग खुशाल स्कॅन करा. नाव नसलेला फोटो स्कॅन केला तरी अनोळखीच राहतो, आणि 'ही नऊवारीतली बाई कोण' हे सांगणारे आता तुम्हीच उरलात. डायऱ्यांचं म्हणाल तर मुलानं त्या वाचल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नका, आणि ज्या पानांवर भाऊबंदकीचा राग काढलाय ती सरळ फाडा (मी तर फाडलीत). त्यापेक्षा रोज एक किस्सा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, तो तिकडे ट्रेनमध्ये का होईना ऐकेल.

प्रश्न : बाबा ७८ चे आहेत. चहा पिता पिता 'माझं देहदान करा' म्हणतात पण कागद काही करत नाहीत, आणि मृत्युपत्राचं नाव काढलं की आई 'शुभ बोल गं' म्हणून उठून जाते. विषय काढू कसा?

उत्तर : देहदानावरूनच काढ, तो विषय त्यांनी स्वतः आणलाय. पुण्यातल्या बीजे मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात चौकशी कर, पण नुसता फॉर्म भरून भागत नाही, ऐनवेळी फोन घरच्यांनीच करायचा असतो, म्हणजे आई तयार नसेल तर फॉर्म कपाटातच राहणार. पोस्टमॉर्टेम झालं तर सहसा देह घेत नाहीत. नेत्रदान मात्र सहा तासांच्या आत करावं लागतं, आणि ते करूनही देहदान होतं.

एकदा हे बोलणं झालं की मृत्युपत्राचं फार अवघड जात नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात चालतं, स्टँप पेपर लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही (केलेलं बरं). दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. 'नॉमिनी लावलाय की' असं बाबा म्हणतील. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलंय. आणि आईचंही वेगळं करून घे, फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर बाबांच्या एकट्याच्या कागदानं अर्धंच काम होतं.