डीव्हीडीचा संग्रह ब्लू-रेवर न्यावा का? निवृत्तीला तीन वर्षे उरली असतानाचा हिशेब

मुलुंडच्या एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५७ असून खासगी कंपनीतील नोकरीतून ते तीन वर्षांनी निवृत्त होतील. घरखर्च महिना सुमारे ५५,००० रुपये असून अडीनडीसाठी चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला आहे. कपाटात सुमारे ३०० डीव्हीडी आहेत, त्यांतील बहुतेक २००७ नंतरच्या चार-पाच वर्षांत घेतलेल्या, आणि माळ्यावर लग्न, मुंज, बारसे अशा घरगुती समारंभांच्या ३८ व्हीएचएस कॅसेट आहेत. दोन महिन्यांनी ३ लाखांची मुदतठेव पूर्ण होते आहे. तीतून ५५ इंची ४के टीव्ही (६२,०००), ४के ब्लू-रे प्लेअर (२८,०००), साउंडबार (२५,०००) आणि आवडीच्या १२० चित्रपटांच्या नव्या डिस्क, सरासरी १,५०० रुपयांप्रमाणे १,८०,००० रुपयांना, असा एकूण २,९५,००० रुपयांचा बेत त्यांनी आखला आहे. (ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीनंतर आलेली, अधिक तपशीलवार चित्राची तबकडी, आणि ४के म्हणजे साध्या ब्लू-रेच्याही चौपट बिंदूंचे चित्र.) डिस्क न्यू जर्सीत राहणारा भाचा तिकडून खरेदी करणार आहे. त्यांची इमारत पुढल्या वर्षी पुनर्विकासासाठी रिकामी होणार आहे.

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. छंदासाठी निवृत्तीच्या तोंडावर खर्च करावा की नाही, असा संकोच आपण व्यक्त केला आहे. तो मनातून काढून टाकावा. आयुष्यभर बचत केलेल्या माणसाने आपल्या आवडीवर काही खर्च करण्यात गैर काहीच नाही. माझा आक्षेप खर्चाला नसून त्याच्या वाटणीला आहे. २,९५,००० रुपयांपैकी १,८०,००० रुपये, म्हणजे साठ टक्क्यांहून अधिक रक्कम, आपल्याकडे आधीच असलेले चित्रपट पुन्हा विकत घेण्यासाठी जाणार आहे, आणि नेमकी तीच गरज या वेळी तंत्रज्ञानाने आपल्यावर लादलेली नाही.

मागच्या स्थित्यंतराशी ताडून पाहिल्यास हे स्पष्ट होईल. १९७६ मध्ये जपानमध्ये आलेली व्हीएचएस ही चुंबकीय फीत होती, तर १९९६ च्या अखेरीस तिथेच बाजारात उतरलेली डीव्हीडी ही लेझरने वाचली जाणारी तबकडी होती. डीव्हीडीच्या यंत्रात कॅसेट जाणे शक्यच नव्हते, त्यामुळे ज्याला चित्रपट हवा त्याला तो पुन्हा घ्यावाच लागला. ब्लू-रे २००६ मध्ये आली तेव्हा तबकडीचा आकार तोच, १२ सेंटिमीटरचा, ठेवला गेला. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर लागतो, तर ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. घरगुती ब्लू-रे प्लेअरमध्ये हे दोन्ही लेझर बसवलेले असतात. म्हणजे नवे यंत्र आपल्या ३०० डीव्हीडी पहिल्या दिवसापासून दाखवेल, शिवाय चित्र पडद्याच्या आकाराला वाढवूनही देईल. यंत्र बदलले म्हणून संग्रह बदलावा लागतो हे गृहीतक कॅसेटच्या काळातले आहे, आणि आपल्या अंदाजपत्रकात ते तसेच उतरले आहे.

किमतीचाही विचार करावा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली आणि भारतीय बाजाराचे गणितच उलटेपालटे केले. आपला संग्रह त्याच काळातला असल्याने त्यातल्या बऱ्याच डीव्हीडी आपल्याला पन्नास रुपयांच्या आतच पडल्या असाव्यात. ३४ रुपयांना मिळालेली वस्तू १,५०० रुपयांना पुन्हा घेणे म्हणजे चव्वेचाळीस पट किंमत मोजणे होय. त्या बदल्यात काय मिळते? डीव्हीडीवरील चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते आणि ब्लू-रेवरील १९२० गुणिले १०८० बिंदूंचे (यालाच फुल एचडी म्हणतात), म्हणजे बरोबर पाचपट. ४के डिस्कवर ते आणखी चौपट होते. आकडे खरेच आहेत, परंतु ते पडद्यापासून किती अंतरावर बसून पाहायचे यावर त्यांचा उपयोग ठरतो. आपण सोफा आणि टीव्ही यांत नऊ फूट अंतर असल्याचे लिहिले आहे. ५५ इंची पडद्यावर साधारण सात फुटांच्या पलीकडे गेल्यावर निरोगी डोळ्यालाही फुल एचडी आणि ४के यांतील बारकाव्याचा फरक ओळखणे कठीण होते. रंग आणि उजेडाची खोली तेवढी अधिक जाणवते. आपल्या सध्याच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर डीव्हीडीपेक्षा ब्लू-रे नक्कीच सरस दिसेल, पण थक्क व्हावे इतकी नाही.

शिवाय प्रत्येक चित्रफितीला हा लाभ मिळत नाही. जो चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला आणि ज्याची मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून नवी आवृत्ती काढली गेली, त्यात डीव्हीडीवर कधीच न दिसलेला तपशील दिसू शकतो. दूरदर्शनच्या काळातील ज्या मालिका आणि नाटके थेट व्हिडिओवर ध्वनिचित्रमुद्रित झाली, त्यांच्या मूळ फितीतच ५७६ ओळी आहेत. त्या ब्लू-रेवर आल्या तरी नसलेला तपशील कुठून येणार? आपल्या यादीतील मराठी चित्रपटांपैकी बहुतेक ब्लू-रेवर निघालेलेच नाहीत, म्हणजे तिथे निर्णय घेण्याचा प्रश्नच नाही आणि त्या डीव्हीडी जपणे हाच मार्ग आहे. या निकषांवर आपली १२० नावांची यादी पुन्हा तपासावी. ती पंधरा-वीस नावांवर येईल असा माझा अंदाज आहे.

आता या पैशांचे दुसरे काय होऊ शकते ते पाहू. १,८०,००० रुपये आपल्या करपातळीवर करानंतर साडेपाच टक्के देणाऱ्या ठेवीत तीन वर्षे राहिले, तर निवृत्तीच्या वेळी ते सुमारे २,११,००० होतील. साठ वर्षे पूर्ण झाल्यावर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास आणि एप्रिल २०२३ पासून लागू असलेला ८.२ टक्क्यांचा दर तेव्हाही टिकून असल्यास, दर तिमाहीला करापूर्वी सुमारे ४,३०० रुपये व्याज येईल. महिन्याला ते साधारण १,४०० रुपये होतात, म्हणजे मुद्दलाला हात न लावता महिन्याला जवळजवळ एक नवी डिस्क. छंद सोडावा असे मी म्हणत नाही. तो एकरकमी न भागवता व्याजावर चालवता येतो एवढेच सांगतो आहे.

पुनर्विकास हा आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे, आणि आपण तो शेवटच्या ओळीत उल्लेखून सोडून दिला आहे. पुढील दोन-तीन वर्षे आपण भाड्याच्या घरात राहाल. अनामत, दलाली, सामानाची ने-आण हे खर्च आधी आपल्या खिशातून जातात आणि विकासकाकडून मिळणारी रक्कम करारात ठरलेल्या वेळी येते. मुंबईत प्रकल्प रखडून भाडे थकल्याची उदाहरणे नवी नाहीत. अशा काळात चार महिन्यांची तरतूद, म्हणजे २,२०,००० रुपये, मला अपुरी वाटते. ती किमान सात महिन्यांची असावी आणि त्यासाठी मुदतठेवीतील १,६५,००० रुपये सहज मोडता येतील अशा अल्पमुदतीच्या ठेवीत वळवावेत. भाडे वेळेवर येत राहिले आणि घराचा ताबा मिळाला, तर हीच रक्कम पुढे निवृत्तीच्या कामी येईल. ५५ इंची टीव्ही भाड्याच्या भिंतीवर ठोकून, तिथून उतरवून, पुन्हा नव्या घरी नेणे हा उपद्व्याप मी तरी टाळला असता. नव्या दिवाणखान्याचे माप हाती आल्यावर टीव्ही आणि साउंडबार यांचा विचार करावा. किंमत वाढेल या धास्तीने घाई करण्याचेही कारण नाही. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

दुकानदाराने सुचवलेल्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांविषयी थोडक्यात लिहितो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते आणि व्याज अन्य शुल्कात दडवले जाते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. अशा योजनांत बहुधा व्याजाएवढी सूट किमतीत दाखवली जाते, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाकडून घेतले जाते. रोख किंमत किती, हे आधी लेखी विचारावे.

ज्या खर्चाला आपण यादीत जागाच दिलेली नाही, तो मी सर्वांत वर ठेवीन: माळ्यावरच्या ३८ कॅसेट. चित्रपट पुन्हा मिळतील, घरातल्या बारशाची दुसरी प्रत कोणत्याही दुकानात मिळणार नाही. मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आपण कळवलेल्या ५०० रुपये प्रति कॅसेट या दराने हे काम १९,००० रुपयांत होईल. प्रत्येक कॅसेट पूर्ण तीन तासांची धरली तरी ११४ तासांचे चित्रण तासाला दोन जीबीच्या हिशेबाने सव्वादोनशे जीबीच्या आसपास बसेल, त्यामुळे एक टीबीच्या दोन हार्ड डिस्क पुरेशा आहेत. त्यांतली एक मुलाच्या घरी ठेवावी. आधी दोन-तीन कॅसेट देऊन कामाचा दर्जा पाहावा, आणि बुरशी धरलेली फीत घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये घालून पाहण्याचा मोह टाळावा. समारंभांच्या छायाचित्रकाराने घरी भरून दिलेल्या डीव्हीडीही याच वेळी उतरवून घ्याव्यात, कारण भरता येण्याजोग्या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर कारखान्यात छापलेल्या डिस्कएवढा टिकत नाही.

प्लेअर मात्र आताच घ्यावा, आणि तो ४के नको, ११,००० रुपयांचा साधा ब्लू-रे चालेल. ओप्पोने २०१८ मध्ये आणि एलजीने २०२४ च्या अखेरीस या व्यवसायातून अंग काढून घेतले आहे, त्यामुळे निवड वर्षागणिक कमी होत जाणार. नव्या घरात ४के टीव्ही आल्यावर चांगला ४के प्लेअर मिळाला नाही तर, असे आपण विचाराल. तोवर त्याच्या डिस्कही तितक्याच दुर्मीळ झालेल्या असतील, आणि पैसे न गुंतवल्याचे आपल्याला वाईट वाटणार नाही.

असा हिशेब मांडल्यास कॅसेटसाठी १९,०००, दोन हार्ड डिस्कसाठी सुमारे १०,०००, प्लेअरसाठी ११,००० आणि निवडक पंधरा डिस्कसाठी २२,५०० मिळून ६२,५०० रुपये लागतील. ठेवीतील उरलेल्या २,३७,५०० रुपयांपैकी १,६५,००० आकस्मिक तरतुदीत जातील आणि ७२,५०० रुपये नव्या घरातील टीव्हीसाठी हाती राहतील. जुन्या डीव्हीडी विकून काही मिळेल ही अपेक्षा हिशेबात धरू नये. रद्दीवाला त्यांना प्लॅस्टिकचाच भाव देतो.

न्यू जर्सीच्या भाच्याला मात्र आजच फोन करून थांबवावे. साध्या ब्लू-रे डिस्कवर विभागाचे कुलूप असू शकते. अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे तिकडच्या कुलूपबंद डिस्क इथे घेतलेल्या प्लेअरवर चालणार नाहीत. ४के डिस्कना असे कुलूप नसते, परंतु त्या साध्या प्लेअरवर मुळातच लागत नाहीत. पंधरा नावांची यादी पक्की झाल्यावर प्रत्येक डिस्कच्या वेष्टनावर ‘सी’ किंवा तिन्ही विभागांची खूण आहे का, एवढे पाहूनच त्याला खरेदी करायला सांगावे.