मुलगा प्लास्टिक सर्जरी करायची म्हणतोय, त्याला समजवा ना!

हे वाक्य थोड्याफार फरकाने मी सारखं ऐकते. कधी मुलगी असते, कधी मुलगा, कधी चक्क बायको, पण सांगणाऱ्याचा सूर तोच, की हे काहीतरी खूळ डोक्यात शिरलंय आणि ते मॅडमनी काढून द्यायचंय. मी नाशिकला काउन्सेलिंग करते आणि आठवड्यातून काही दिवस एका प्लास्टिक सर्जनच्या क्लिनिकमध्ये बसते. त्यांना एखाद्या पेशंटबद्दल शंका आली किंवा घरात यावरून भांडणं चाललीत असं दिसलं की तारीख द्यायच्या आधी ते पेशंटला माझ्या खोलीत पाठवतात. त्यामुळे पालकांना वाटतं की मी 'नाही' म्हणायला बसलेय आणि पेशंटला वाटतं की ही शेवटची परीक्षा आहे, पास झालो की ऑपरेशन. दोन्ही खरं नाही.

निफाड तालुक्यातलं एक द्राक्षवालं कुटुंब आलं होतं. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, होस्टेलवर राहणारा. नाव बदलून त्याला समीर म्हणू, बाकीचेही तपशील ओळख पटणार नाही इतपत बदललेत. एप्रिल महिना, बाहेर चाळीसच्या पुढे तापमान आणि हा पोरगा आत बनियन, वर टी-शर्ट, त्यावर जाड जॅकेट घालून, कॉलेजची बॅग पाठीला न लावता छातीशी धरून बसलेला. खांदे पुढे झुकलेले. मी काही विचारायच्या आतच वडील सुरू झाले, "मॅडम, पैशाचा प्रश्न नाही, पण पोरींसारखे हे काय लाड? व्यायाम कर म्हटलं तर करत नाही, ऑपरेशन पाहिजे म्हणतो."

वादाला तोंड फुटलं होतं त्र्यंबकेश्वरला. घरची पूजा होती, गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना सोवळं नेसून, वर काही न घालता जावं लागतं. समीर ऐनवेळी नाही म्हणाला, वडिलांनी सगळ्यांसमोर झापलं, तो रिक्षा पकडून बसस्टँडवर गेला आणि तिथून थेट होस्टेलला. मग रात्री आईला फोनवर सांगितलं की छाती वाढलीय, आठवीपासून. म्हणजे पाच-सहा वर्षं हे पोरगं एकटंच हे घेऊन फिरत होतं आणि घरातल्या कुणालाच पत्ता नव्हता. आईला फक्त एवढं आठवत होतं की पूर्वी दिवसभर विहिरीत पडलेला असायचा तो अचानक पोहायचा बंद झाला होता, तिला वाटलं अभ्यासाला लागला.

आता यातलं मेडिकल आधी सांगते, कारण घरोघरचा निम्मा वाद ते माहीत नसल्यामुळे असतो. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. मुलांच्या छातीतही दुधाच्या ग्रंथीचा थोडा भाग असतो, वयात येताना हार्मोन्सचा तोल इकडेतिकडे झाला की तो वाढतो. ही चरबी नाही, ग्रंथी आहे, निपलच्या मागे रबरासारखी चकती हाताला लागते. त्यामुळे पुशअप्स मारून ती जात नाही, उलट वजन उतरलं की कधीकधी जास्तच उठून दिसते. समीरने सगळं करून पाहिलं होतं, भात सोडला, जिममध्ये गेला, तिथल्या ट्रेनरने कसलीशी पावडर दिली तीही घेतली. डॉक्टरांनी त्या पावडरचा डबा मागवून घेतला कारण जिममध्ये मिळणाऱ्या स्टिरॉइडने हेच दुखणं होतं, आणि काही औषधांनी, लिव्हरच्या किंवा थायरॉइडच्या तक्रारीनेही होतं, क्वचित अंडकोषाच्या गाठीमुळेसुद्धा. म्हणून आधी सगळी तपासणी, रक्तातले हार्मोन्स, सोनोग्राफी, मग पुढचं बोलायचं. वडिलांना हे बघूनच पहिला धक्का बसला होता, त्यांना वाटलेलं डॉक्टर दारातच पावतीपुस्तक घेऊन बसले असतील.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं, दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त काळ टिकलेली आणि घट्ट झालेली ग्रंथी आता आपोआप जाणार नाही, ऑपरेशन केलं तर उपयोग होईल, नाही केलं तर जिवाला काही धोका नाही. निर्णय घाईचा नाही. आणि मग नेहमीप्रमाणे त्यांनी आधी वाईट बातम्या सांगितल्या. आत रक्त साकळू शकतं, निपलची संवेदना काही महिने किंवा कायमची कमी होऊ शकते, छाती दोन्हीकडे अगदी तंतोतंत सारखी होईलच असं नाही, बारीक का होईना व्रण राहतो, आणि चार-सहा आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट घालून झोपावं लागतं. समीर म्हणाला, "जॅकेटची सवय आहे." सगळे हसले, वडील सोडून.

माझ्या खोलीत मी ऑपरेशन करावं की नाही हे विचारतच नाही. एक प्रश्न मात्र सगळ्यांना विचारते, की समजा सगळं नीट पार पडलं, टाके निघाले, पट्ट्या निघाल्या, तर त्या दिवशी तू काय करशील? समीरने फार विचार केला नाही. म्हणाला, "एकच टी-शर्ट घालीन. आणि गावी जाऊन विहिरीत उडी मारीन." बास. गर्लफ्रेंड मिळेल, मार्क वाढतील, बाबा प्रेमाने बोलतील असलं काही नाही. ऑपरेशनने जेवढं होऊ शकतं तेवढीच अपेक्षा. मला अशी उत्तरं आवडतात.

याच्या उलट उत्तर काय असतं तेही सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी सगळ्यांना जा म्हणते. त्याच सुमारास एक सत्तावीस वर्षांची मुलगी नाकासाठी आली होती, आयटीत नोकरी. एका ठिकाणी नाकात फिलर, म्हणजे आकार बदलायचं जेल, भरून झालेलं, दुसऱ्या ठिकाणी ते विरघळवून झालेलं, आता ऑपरेशनच हवं. मोबाईलमध्ये स्वतःच्या नाकाचे इतके फोटो की स्क्रोल करता करता माझा अंगठा दुखला. डॉक्टरांनी नाक तपासलं आणि त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही. त्यांनी तिला सेल्फीचं गणितही समजावलं, २०१८ साली एका अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये हिशोब मांडला होता की फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. ती ऐकून घेते, मान हलवते आणि परत म्हणते, "पण सर, इथे बघा ना." मीटिंगला कॅमेरा बंद, लग्नसमारंभ बंद, दिवसातले कित्येक तास आरशापुढे. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारल्यावर म्हणाली, "मग लोक माझ्याकडे बघायचं थांबवतील." लोक बघतच नव्हते.

याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, शंभरात साधारण दोघांना असतो आणि कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये त्याचं प्रमाण अर्थातच जास्त. इतरांना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतो असा दोष त्या माणसाचा अख्खा दिवस खाऊन टाकतो. यात ऑपरेशन केलं तर समाधान होत नाही, चिंता नाकावरून हनुवटीवर जाते एवढंच. उपचार आहेत आणि चांगले आहेत, विचार-वर्तनाची थेरपी आणि मानसोपचार डॉक्टरांची औषधं. सरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, तिला ऑपरेशनला स्पष्ट नकार दिला, ती चिडली, फाईल उचलून निघून गेली. काही महिन्यांनी परत आली, सरांकडे नाही, माझ्याकडे. सध्या येते, मध्येच दांड्या मारते, औषध सुरू आहे. पुढचं बघू.

तर दोघंही आरशात बघून त्रास करून घेतात, दोघंही लोकांना टाळतात, पण एकाची गाठ डॉक्टरांच्या हाताला लागते आणि दुसरीची नाही, एकाला विहिरीत उडी मारायचीय आणि दुसरीला लोकांच्या नजरा बदलायच्यात. पालकांनी मुलाला "खूळ आहे का" असं विचारण्यापेक्षा हे दोन फरक शोधले तर निम्मं काम होतं.

समीरच्या वडिलांचा गाडा मात्र अजून अडलेलाच होता. सरांना इतिहासाचं भारी वेड, त्यांनी त्यांना कावसजीची गोष्ट सांगितली. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा माणूस टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक करून दिलं, इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं, त्यावरून नंतर युरोपातले सर्जन हे शिकले. सर म्हणाले, कावसजीला श्वास घेता येत होता, जेवता येत होतं, मग नवीन नाक कशाला हवं होतं? वडील लगेच म्हणाले, "ते वेगळं. ते कापलं होतं." मुद्दा चुकीचा नाही, आणि गंमत म्हणजे सरकारही असंच बोलतं. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीवर जीएसटी नाही, निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर लागतो. मेडिक्लेमही तसाच, अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा वैद्यकीय गरज असेल तर ठीक, नाहीतर कॉस्मेटिक बाहेर. गायनेकोमास्टियाचा क्लेम बहुतेक वेळा नाकारतात, ते गृहीत धरूनच पैशाची सोय करावी. सर म्हणतात, कागदावर रेघ मारलीय ठीक आहे, पण माझ्याकडे येणारी निम्मी माणसं त्या रेघेवरच उभी असतात.

मी वडिलांना वेगळं बसवलं. त्यांचं दुखणं वेगळंच निघालं. गावात कळलं तर काय, पोराचं लग्न जमेल का, "पोरात काही कमी आहे" असं लोक म्हणतील. म्हणजे मुलगा लोकांच्या भीतीने जॅकेट घालत होता आणि बाप लोकांच्या भीतीने ऑपरेशनला नाही म्हणत होता. मी त्यांना हे असंच तोंडावर सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्याला कॉलेजात चिडवतात का?" हे त्यांनी तोवर मुलाला विचारलंच नव्हतं. चिडवायचे, अर्थातच, नाव काय पाडलं होतं ते इथे लिहीत नाही. मग त्याच दुपारी त्यांनी क्लिनिकच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारलं म्हणे, काय बोलणं झालं मला माहीत नाही.

पुढच्या वेळी आले ते मोबाईलवर जाहिरात घेऊनच. तासाभरात ऑपरेशन, संध्याकाळी घरी, निम्म्या पैशात, हप्त्याने. एकदा तयार झाल्यावर आता त्यांनाच घाई. जाहिरातीत डॉक्टरचं नावच नव्हतं. यावर सर खरंच चिडतात. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीची तीन वर्षं आणि त्यावर प्लास्टिक सर्जरीतल्या एमसीएच किंवा डीआरएनबी डिग्रीची तीन वर्षं, आणि इथे कुणी चार दिवसांचं वर्कशॉप करून बोर्ड लावतो. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये कॉस्मेटिक सर्जरी आणि हेअर ट्रान्सप्लांटबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा त्यात वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून शिकणं पुरेसं नाही असं लिहायची वेळ आली, यावरून काय ते समजा. मी वडिलांना एवढंच सांगितलं, करणाऱ्याचं नाव आणि डिग्री लेखी मागा, मेडिकल काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बघा, भूल कोण देणार ते विचारा, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार तेही विचारा. गोरं करणाऱ्या ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनलाही हेच प्रश्न विचारा, त्याला तर गोरेपणासाठी आपल्याकडे मान्यताच नाही, तरी पार्लरमध्ये सर्रास ड्रिप लावतात.

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत झालं. सेमिस्टर बुडवायचं नाही ही अट माझी होती. डाव्या बाजूला थोडं रक्त साकळलं होतं, ते काढावं लागलं, चारेक दिवस सगळे घाबरले. नंतर ठीक. तो अजून अधूनमधून माझ्याकडे येतो, कारण ग्रंथी काढली म्हणून झुकलेले खांदे आपोआप सरळ होत नाहीत आणि पाच वर्षं माणसं टाळायची लागलेली सवय सर्जनच्या टेबलावर जात नाही. ते काम हळूहळूच होतं.

परवा वडिलांचा फोन आला. मी म्हटलं काय झालं आता. तर म्हणतात, "मॅडम, धाकटा तेरा वर्षांचा आहे, त्याला पण तसंच दिसतंय. त्याचंही करून टाकायचं का लगेच, उगाच पाच वर्षं पोराने सोसायला नको." मी त्यांना सांगितलं की अजिबात नाही. या वयात निम्म्याहून जास्त मुलांना थोडंफार होतंच आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. एकदा डॉक्टरांना दाखवून ठेवा, मग सहा महिन्यांनी परत. मात्र एकाच बाजूला कडक गाठ असेल, निपलमधून पाणी येत असेल किंवा झपाट्याने वाढत असेल तर लगेच आणा. आणि पोराला आत्ताच नीट सांगा की हे होतं, बऱ्याच जणांना होतं, लपवायचं काही नाही.

"ते सांगितलं," म्हणाले. "मी नाही, समीरने सांगितलं त्याला."