'द इनोसंट्स'मधली सिस्टर मारिया कोण आहे, आणि एकच नटी इतक्या भाषांत काम कशी करते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 'द इनोसंट्स' या सिनेमात फ्रेंच डॉक्टर आणि कॉन्व्हेंटमधल्या, म्हणजे नन्सच्या मठातल्या, बाकीच्या बायका यांच्यामधला दुवा असलेल्या त्या सिस्टर मारियाचं काम करणारी नटी खरी फ्रेंच की पोलिश, हा पहिला प्रश्न. आणि दुसरा म्हणजे, स्वतःच्या देशात काम मिळत नाही म्हणून अशा नट्या देशोदेशी फिरतात का. पहिल्याचं उत्तर एका ओळीत, ती पोलिश आहे, नाव अगाता बुझेक. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण ते जरा सविस्तर लिहितो कारण मला ही बाई फार आवडते आणि मराठीत तिच्याबद्दल काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

जन्म १९७६ चा, दक्षिण पोलंडमधल्या सिलेसिया भागातला. वडील येझी बुझेक, १९९७ ते २००१ पोलंडचे पंतप्रधान होते, पुढे युरोपियन पार्लमेंटचे अध्यक्षही झाले. वॉर्सॉच्या नाट्य अकादमीतून ती शिकून बाहेर पडली आणि २००२ मध्ये पोलंडचा मोठा दिग्दर्शक आंद्झेय वायदाच्या 'झेम्स्टा'मध्ये दिसली, त्यात दिग्दर्शक रोमन पोलान्स्की पण नट म्हणून आहे. म्हणजे बघा, सुरुवात अगदी पोलिश सिनेमाच्या घरातच झालीय, कडेला वगैरे नाही. पण मग २००६ मध्ये 'व्हॅलेरी' नावाच्या जर्मन सिनेमात ती थेट मुख्य भूमिकेत आहे. बर्लिनमधली पोलिश मॉडेल, ख्रिसमसचे दिवस, हॉटेलचं बिल भरायला पैसे नाहीत, म्हणून त्याच हॉटेलच्या खालच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत झोपते आणि वर लॉबीत येऊन सगळं ठीक असल्यासारखी वावरते. आणि घरचं मोठं यश त्यानंतर आलं, २००९ च्या 'रेव्हेर्स'मुळे. त्यासाठी तिला पोलंडच्या गदिन्या फेस्टिव्हलमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि सिनेमाला तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार. लगेच २०१० मध्ये बर्लिन फेस्टिव्हलच्या 'शूटिंग स्टार्स'मध्ये तिची निवड झाली, म्हणजे दरवर्षी युरोपातले काही नवे नट-नट्या निवडून इतर देशांच्या निर्मात्यांना आणि कास्टिंगवाल्यांना भेटवतात तो कार्यक्रम. तर आधी घरी जमलं नाही आणि मग बाहेर गेली, असं काही नाहीये. दोन्ही एकदमच चालू होतं आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग होत होता.

आता भाषेचं. लोकांना वाटतं की चार भाषांत काम म्हणजे चारही भाषा तिथल्या माणसासारख्या फाडफाड बोलता आल्या पाहिजेत. बुझेकच्या बाबतीत उलट आहे, तिच्या बऱ्याच बाहेरच्या भूमिका मुळातच पोलिश बायकांच्या आहेत. २०१३ च्या 'हमिंगबर्ड'मध्ये जेसन स्टेथमसमोर ती लंडनमध्ये बेघर लोकांना जेवण वाटणारी पोलिश नन आहे. इंग्लिश बोलताना तिचा उच्चार लपवलेला नाही, लपवायची गरजच नाही कारण तो त्या बाईचाच उच्चार आहे.

आणि तुम्ही बघितलेला 'द इनोसंट्स' (२०१६, दिग्दर्शिका आन फाँतेन) तर मला तिचं सगळ्यात चांगलं काम वाटतं. डिसेंबर १९४५, सोव्हिएत सैनिकांनी अत्याचार केलेल्या नन्स गरोदर आहेत, बाहेर कळलं तर कॉन्व्हेंट संपलं, आणि मदतीला आलेली तरुण डॉक्टर फ्रेंच रेड क्रॉसची. (या डॉक्टरच्या मागे मादलेन पोलिआक नावाची खरी डॉक्टर आहे.) आता यात मारियाचं काम काय, तर मदर सुपीरियर, म्हणजे मठाची प्रमुख, काय म्हणतेय ते पोलिशमध्ये ऐकायचं, डॉक्टर काय म्हणतेय ते फ्रेंचमध्ये ऐकायचं, आणि कुणाला किती सांगायचं हे मधल्या त्या क्षणात ठरवायचं. परत एकदा बघाल तेव्हा ती बोलत नसते तेव्हाचा तिचा चेहरा बघा. आज्ञा पाळायची की माणसं वाचवायची हे सगळं तिथे चाललेलं असतं. कॉन्व्हेंटमध्ये यायच्या आधी मारिया बाहेरचं आयुष्य जगलेली आहे, पुरुष तिला माहीत आहेत, म्हणून इतर नन्सना जे बोलता येत नाही ते ती डॉक्टरशी बोलू शकते. दोन भाषा येणं हा इथे नटीच्या बायोडेटातला गुण राहत नाही, तीच भूमिका होते. इतकं चांगलं जुळून आलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

हे पूर्वी इतकं सोपं नव्हतं. १९८२ मध्ये यादविगा यान्कोव्स्का-चेश्लाक हिला कान फेस्टिव्हलमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारी ती पहिली पोलिश नटी, पण सिनेमा हंगेरियन होता आणि पडद्यावर ऐकू येणारा आवाज तिचा नव्हताच, हंगेरियन नटीचा होता. उलटंही झालंय, पोलिश दिग्दर्शक किश्लोव्स्कीच्या 'द डबल लाइफ ऑफ वेरोनिक'मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या इरेन जाकोबचं पोलिश बोलणं आन्ना गोर्नोस्ताय या पोलिश नटीने डब केलंय आणि १९९१ चा कानचा पुरस्कार जाकोबला मिळाला. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं, अर्धा अभिनय तर आवाजात असतो. बुझेकच्या पिढीला बाहेरच्या सिनेमात स्वतःचा आवाज वापरता येतोय हा फार मोठा फरक आहे.

हा फरक कशाने पडला तर त्यात पैशाची बाजू पण आहे. युरोपातले असे बरेच सिनेमे दोन-तीन देश मिळून काढतात. १९९२ च्या युरोपियन सहनिर्मिती कराराप्रमाणे सिनेमा 'युरोपियन' ठरायला १९ पैकी १५ पॉइंट लागायचे (कुठल्या कामाला युरोपियन माणूस आहे त्यावर ते मिळायचे) आणि त्यात मुख्य भूमिकेला दिग्दर्शकाइतकेच ३ पॉइंट होते. शिवाय ज्या देशाचा पैसा लागतो त्याला आपले नट, आपले तंत्रज्ञ, आपल्याकडचं शूटिंग हवं असतं. पोलंड २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये आला, २००५ मध्ये त्यांची सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि मग पोलिश पैसा बाहेरच्या सिनेमांत नीट जायला लागला. क्लेर दनीचा 'हाय लाइफ' (२०१८) बघा, दिग्दर्शिका फ्रेंच, भाषा इंग्लिश, स्टुडिओ जर्मनीत कोलोनचा, पैशात पोलंडचाही वाटा, आणि अंतराळयानाची पायलट आमची बुझेक. अर्थात नुसत्या पॉइंटांनी दनीसारखी बाई कुणाला घेत नाही, दार उघडतं एवढंच.

दुसऱ्या प्रकारचं करिअर बघायचं असेल तर कासिया स्मुत्निअक. ही पण पोलिश, पण ती इटलीत जाऊन स्थायिकच झाली आणि इटालियन सिनेमाचीच झाली. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (२०१६) चा मूळ इटालियन सिनेमा, ज्यात जेवायला जमलेले मित्र आपापले फोन टेबलावर ठेवतात, त्यातली घरची यजमानीण तीच. पुढे 'डोमिना' मालिकेत तर रोमन सम्राज्ञी लिव्हिया झाली, तीही इंग्लिशमध्ये. बुझेक पोलिश राहून बाहेर जाते, स्मुत्निअक दुसऱ्या भाषेत राहायलाच गेली. दोन्हीत कष्ट आहेत पण पहिल्या वाटेवर एक अडचण जास्त आहे, तुम्हाला सारखी 'पोलिश बाई'च करायला मिळते, बुझेकच्याच दोन गाजलेल्या भूमिका नन्सच्या आहेत. म्हणूनच मला 'हाय लाइफ'मधली पायलट महत्त्वाची वाटते, भूमिका लहान आहे पण तिथे तिचा देश कोणता याने काही फरक पडत नाही. अशा भूमिका तिला अजून खूप मिळायला हव्या होत्या, हे मी अगदी मनापासून म्हणतोय.

आपल्यातलं उदाहरण हवं असेल तर सोनाली कुलकर्णीनेही (थोरल्या) 'फुओको सु दी मे' या इटालियन सिनेमात काम केलंय, पण आपल्याकडे त्याला एक वेगळी बातमी म्हणून बघितलं गेलं, पोलंडमध्ये ही आता कामाची नेहमीची पद्धत झालीय.

तुम्ही पुढचा सिनेमा कुठला बघू असं विचाराल तर 'रेव्हेर्स' बघा, 'व्हॅलेरी' त्यानंतर. 'रेव्हेर्स'मध्ये १९५० च्या आसपासचं वॉर्सॉ, काळंपांढरं, कवितेच्या प्रकाशन संस्थेत काम करणारी बुजरी साबिना, घरात लग्नाच्या मागे लागलेल्या आई आणि आजी, आणि सरकारने सोनं जमा करायला सांगितलंय म्हणून एक सोन्याचं नाणं ती रोज गिळून लपवते. आईच्या कामात क्रिस्टिना यांडा आहे, जी स्वतः १९८१ च्या 'मेफिस्टो'मध्ये हंगेरियन दिग्दर्शकाकडे काम करून आलेली आणि १९९० मध्ये कानचा पुरस्कार मिळवलेली, त्यामुळे दोन पिढ्या एकाच स्वयंपाकघरात बघायला मिळतात. सबटायटल्स लावून मूळ पोलिशमध्येच बघा, डब केलेला नको.