दुखत नाही म्हणून थांबावे का?

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. दोन महिन्यांपासून डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही आणि घरात कोणालाही कर्करोग झालेला नाही. आणखी काही दिवस वाट पाहावी का?

उत्तर : वाट पाहू नये. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, हा समज फार पसरलेला असला तरी चुकीचा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. घरात कोणाला हा आजार नसणे हाही पुरेसा दिलासा नव्हे, कारण आनुवंशिक जनुकदोषामुळे होणारे स्तनाचे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच असतात. बहुतेक गाठी साध्या निघतात हे खरे, पण ते केवळ चाचपून ठरत नाही, अगदी अनुभवी डॉक्टरांनाही. म्हणून याच आठवड्यात शल्यचिकित्सकांना दाखवावे. ते मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास सुईने बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी) करतील. सुई लावल्याने कर्करोग पसरतो, या निराधार भीतीपायी अनेक जणी मोलाचे महिने घालवतात. मॅमोग्राफीत काही दिसले नाही, तरी गाठीचे निदान झाल्याशिवाय थांबू नये, कारण स्तनाची ऊती दाट असल्यास गाठ त्या चित्रात झाकली जाऊ शकते.