रेडॉनचा पाइप आणि टाउनशिपचं परमिट

प्रश्न : न्यू जर्सीत नुकतंच घर घेतलं. बेसमेंटात रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) दर लिटर हवेत ७.२ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) निघाला. सर्टिफाइड कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्यात ओळखीचा हँडीमॅन हा वायू घराबाहेर काढणारा पाइप आणि पंखा बसवून द्यायला तयार आहे. ‘परमिट-बिरमिट काही लागत नाही,’ म्हणतो. त्याला काम द्यावं का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : नको. ४ किंवा त्यावर आकडा गेला की उपाय करा, असं ईपीए, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय पर्यावरण संस्था, सांगते, म्हणजे काम करायचं हे पक्कं. पण न्यू जर्सीत पैसे घेऊन ते करणाऱ्याकडे डीईपीचं, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचं, रेडॉन मिटिगेशनचं (रेडॉन कमी करण्याच्या कामाचं) सर्टिफिकेशन हवं. घरदुरुस्तीचं साधं रजिस्ट्रेशन इथे पुरत नाही. डीईपीच्या वेबसाइटवरच्या यादीत नाव शोधा, नसेल तर विषय संपला. (पेनसिल्व्हेनिया, इलिनॉयमध्येही असंच, काही राज्यांत मात्र सरकारी लायसन्सच नाही.)

परमिट ही वेगळी गोष्ट. ते टाउनशिपच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) कन्स्ट्रक्शन ऑफिसातून काढायचं : बिल्डिंगचं, आणि पंख्याच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिकलचं. अर्ज कंपनीनेच करावा, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या.

घरं तपासण्याच्या धंद्यात हँडीमॅनची एक करामत मला पुन्हा पुन्हा दिसते : पंखा बेसमेंटातच, बॉयलरशेजारी. पंख्याच्या पुढच्या पाइपात हवा दाबाखाली असते. तिथला एक सांधा ढिला झाला की स्लॅबखालून (बेसमेंटच्या काँक्रीटच्या जमिनीखालून) ओढलेला रेडॉन थेट तुमच्या घरात! म्हणून पंखा घराबाहेर किंवा ॲटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर), आणि पाइपचं तोंड छपराच्या वर, खिडक्यांपासून लांब. शिवाय बेसमेंटात गॅसचा वॉटर हीटर असेल, तर पंख्याच्या ओढीने त्याचा धूर उलटा घरात येत नाही ना, हे जाणकारच तपासतो.

पाइपवर रंगीत द्रवाची यू आकाराची नळी असते. दोन्ही बाजूंची पातळी वेगळी दिसली तर पंखा ओढतोय. सारखी झाली तर तो बंद पडलाय. मात्र रेडॉन किती उरला हे ती सांगत नाही. पंखा किमान २४ तास चालल्यावर, ३० दिवसांच्या आत पुन्हा चाचणी करा, आणि ती काम करणाऱ्या कंपनीकडून नको, दुसऱ्याकडून.

तो आकडा ४ च्या खाली येईपर्यंत आणि टाउनशिपचं फायनल इन्स्पेक्शन पास होईपर्यंत शेवटचा चेक देऊ नका. घर विकताना खरेदीदाराचा वकील असं फायनल इन्स्पेक्शनविना उघडं राहिलेलं परमिट हमखास शोधून काढतो.