साठच्या वर्गातली बक्षिसं, एकशे ऐंशीचा वर्ग

पुण्याजवळच्या धायरीच्या एका आईंचं पत्र आहे. मुलाला सीईटीत ८८ पर्सेंटाइल आहेत आणि त्याला इंजिनीअरिंगला कॉम्प्युटरच हवंय. घराजवळ एक लहान इंजिनीअरिंग कॉलेज आहे. त्यांच्या पोस्टरवर स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही देशपातळीवरची स्पर्धा जिंकलेली मुलं आहेत, ‘बाहा’ या स्पर्धेसाठी मुलांनी स्वतः बनवलेली गाडी आहे आणि ‘दोन वर्षांत प्रवेश तिप्पट’ असं ठळक छापलंय. कॉम्प्युटरच्या ६० जागा होत्या, मग १२० झाल्या, गेल्या वर्षी १८०. सगळ्या भरल्या. त्या विचारतात, “इतकी मुलं जातायत म्हणजे कॉलेज चांगलंच असणार ना?”

ताई, ती बक्षिसं खरी असतील आणि त्या मुलांचं मनापासून कौतुक आहे. पण ती मुलं कोणत्या वर्गातली, ते बघा. यंदा बीईला, म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेली मुलं आली तेव्हा वर्ग साठचा होता. सरांना प्रत्येकाचं नाव माहीत होतं, लॅबची किल्ली मागितली की मिळत होती. लहान कॉलेजातली मुलं मोठ्या स्पर्धेत पुढे येतात ती बहुतेकदा यामुळेच. तुमचा मुलगा मात्र १८०च्या वर्गात बसणार आहे, आणि त्या वर्गातलं अजून कुणी पास होऊन बाहेर पडलेलं नाही.

जागा भरल्या हेही एकट्या या कॉलेजचं यश समजू नका. कॉम्प्युटरला मागणी सगळीकडेच आहे. त्यात २०२४-२५पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली. पुरेसे शिक्षक आणि सोयी दाखवल्या की जागा वाढवता येतात.

म्हणून मी शिक्षक मोजायला सांगेन. एआयसीटीईच्या हिशोबाने २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. चारही वर्षं साठ-साठ मुलं असताना या शाखेत २४० मुलं होती, म्हणजे १२ शिक्षक पुरत होते. यंदा पहिल्या वर्षापासून शेवटच्यापर्यंत १८०, १८०, १२० आणि ६० मिळून ५४० होतील. म्हणजे २७ शिक्षक हवेत. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’, म्हणजे सक्तीने जाहीर करायची माहिती असते, त्यात शिक्षकांची यादी बघा. नावं दहा-बाराच असतील, तर मी तिथे जाणार नाही. दर्जा तपासून मिळणारं एनबीए मानांकनही शाखेचं विचारा. नॅक ही दुसरी संस्था देते ती श्रेणी सगळ्या कॉलेजची असते.

हॅकेथॉनच्या संघात सहाच जण असतात. त्याआधी कॉलेजला स्वतःची अंतर्गत फेरी घ्यावी लागते. त्या फेरीत किती संघ उतरले, एवढंच विचारा. चाळीस संघ उतरले असतील तर तिथे खरंच काहीतरी चाललंय. तीनच असतील, तर दरवर्षी तीच हुशार मुलं पुढे केली जातायत. बाहाची गाडीही वर्कशॉपमध्ये जाऊन बघा. शेजारी एसईची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची मुलं हात काळे करत असतील तर फार चांगलं. गाडी धूळ खात उभी असेल तर ती करणारी मुलं पास होऊन गेली, एवढाच त्याचा अर्थ.

भेट कामकाजाच्या दिवशी दुपारी द्या, प्रॅक्टिकल चालू असताना. मुलाला सोबत न्या आणि बोलू त्यालाच द्या. यंदा एसईला गेलेली मुलं १८०च्या पहिल्या वर्गातली आहेत. कँटीनमध्ये त्यांना गाठून त्याने विचारावं, एका कॉम्प्युटरवर किती जण बसता? जर्नल कोण तपासतं? ओरलच्या आधी शंका विचारायला सर सापडतात का? ही मुलं खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं ऑप्शन फॉर्म भरण्याआधी उरका. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम होते, मग पुढच्या फेऱ्या नाहीत. घराजवळ आहे म्हणून ते पहिलं टाकू नका. शिक्षक आणि लॅब बघून पटलं, तर बिनधास्त टाका. नाही पटलं, तर दुसऱ्या कॉलेजातलं आयटी किंवा ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) त्याच्या वर ठेवायला मुलगा तयार आहे का, हे घरी बसून त्याच्याशी बोला. आणि भेटीत काय दिसलं ते मला लिहा, मग फॉर्मचा क्रम आपण मिळून लावू.